वाचून दाखवला, समजला, कबूल

आमच्या ऑफिसात तयार होणाऱ्या प्रत्येक हक्कसोडपत्राच्या शेवटी तीन छोटी वाक्यं असत. हा दस्त मला वाचून दाखवला. तो मला समजला. तो मला कबूल आहे. त्याखाली सही किंवा अंगठा. ज्या वकिलांकडे मी साडेचार वर्षं टायपिंगचं काम केलं, ते या तीनपैकी फक्त शेवटचं विचारत. तेही सही करणाऱ्या बाईला नाही, तिच्या भावाला. "बहिणीला विचारा, कबूल ना?" भाऊ मान वळवायचा, बहीण मान हलवायची, आणि साहेब टेबलावरची घंटी दाबायचे.

बापाच्या जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा असतो. जमीन विकायची तर तिची सही लागते. वळ, पूर्णा या गावांच्या बाजूची भातशेतं जाऊन तिथे गोदामं उभी राहू लागली, तेव्हा जमीन घेणारा पहिला प्रश्न विचारायचा, बहिणी किती? मग भाऊ बहिणींना गाडीत बसवून आमच्याकडे आणत. बहीण आपला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायची. त्या दिवशी तिला साडी मिळायची, हॉटेलात जेवण मिळायचं आणि माहेर राहायचं. यातली शेवटची गोष्ट कुठे लिहिलेली नसे.

ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. खाली कापड विणणारे लूम चालत, त्यामुळे जमीन सतत थोडी हलायची आणि टेबलावरच्या टाचण्या हळूहळू कडेला सरकायच्या. साहेबांनी चाळीसेक वर्षं त्या आवाजावर आवाज चढवून वकिली केली होती. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी आपला नेहमीचा आवाज त्यांना मोठा वाटायचा आणि ते जवळजवळ कुजबुजत बोलायचे. नव्या अशिलाला वाटायचं, काहीतरी गुपित चाललं आहे.

मी लागले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. चष्म्याच्या काचा जाड होत्या. कागद नाकाशी धरून ते वाचत, वाचताना ओठ हलत. छत्री बाराही महिने हातात. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता. जुन्या गावात वडिलांनी बांधलेल्या एकमजली घरात ते एकटे राहत आणि दुपारचा डबा खानावळीतून मागवत.

मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, लग्न कधी आहे? ठरलेलं नाही म्हटल्यावर म्हणाले, "मुलगी कामाला ठेवणं म्हणजे भाड्याचं घर रंगवणं. पण मराठी टायपिंग येणारा मुलगा मिळत नाही." अशा रीतीने मला नोकरी लागली. पहिलं वर्षभर त्यांनी माझं नाव उच्चारलं नाही. "अगं मुली" किंवा नुसतंच "अगं". मी फाइल मोबाइलवरून अशिलाला धाडली की म्हणत, "तुमच्या पिढीला पाठ काही नाही, नुसतं पाठवता येतं."

ऑफिसात बसण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. टेबलासमोरच्या तीन खुर्च्या पुरुषांच्या. दाराजवळचं सागवानी बाक बायकांचं. चहा आला की खुर्च्यांपुढे जायचा. बायका बाहेर चहा घेत नाहीत असं साहेबांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी कुणाला विचारून तपासलेलं नव्हतं. बाईशी बोलताना ते वर पंख्याकडे बघत. माझ्याशी बोलतानाही.

पाच वाजले की मला घरी जायला सांगत, हातातलं वाक्य अर्धं असलं तरी. "दिवेलागणीला मुलगी घरात पाहिजे." रिक्षा स्टँडपर्यंत ते छत्री टेकत येत, मी रिक्षात बसले की पेनने तळहातावर रिक्षाचा नंबर लिहून घेत आणि दुसऱ्या दिवशी मी दिसल्यावरच हात नीट धुवत. मी तीन वेळा कोर्टात सोबत येऊ का विचारलं. तीनही वेळा उत्तर एकच, तिथे बायकांना उभं राहायला जागा नसते. त्या कोर्टात तेव्हा अनेक बायका वकिली करत होत्या. रोज त्यांच्या शेजारी उभं राहून साहेब स्वतः काम चालवत.

मैत्रिणी म्हणायच्या, सोडून दे. मी सोडलं नाही, भांडलेही नाही. नोकरी हवी होती. पण एक गोष्ट खटकत राहिली. ते पहिलं वाक्य मी रोज टाइप करत होते, हा दस्त मला वाचून दाखवला, आणि कुणालाच काही वाचून दाखवलं जात नव्हतं. एकदा मी म्हटलं, "साहेब, मी वाचून दाखवू का त्यांना? पाच मिनिटांचं काम आहे."

साहेब पंख्याला म्हणाले, "वाचून दाखवलं की त्या रडतात. रडल्या की भाऊ चिडतात. बाईला कागद कळला की घर मोडतं. तू टाइप कर."

त्यानंतर मी टायपिंगच्या चुका तपासायला लागले. प्रिंट काढायची, खुर्ची जरा दाराकडे वळवायची आणि मोठ्याने वाचायचं, लूमच्या वर जाईल इतक्या आवाजात. बाक माझ्यापासून चार हातांवर होतं. साहेबांनी पहिल्या दिवशी मान वर केली, मी म्हटलं, "चुका बघतेय." त्यांनी हातातला कागद पुन्हा नाकाशी धरला. पुढे माझं ते रोजचंच झालं. बहुतेक बायका ऐकून गप्प बसत. काही पदर तोंडाला लावत. सही न करता उठून गेलेली एकही मी पाहिली नाही.

वळची एक बाई मात्र बोलली. पन्नाशीची असेल. धाकटा भाऊ बरोबर होता. मी वाचत होते, "सदर मिळकतीत माझा वा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, अधिकार वा हितसंबंध राहिलेला नाही व पुढे राहणार नाही."

"पुढं म्हंजे कुठवर?" बाकावरून आवाज आला.

भाऊ हसला. "बाय, कागदाची भाषा हाय ती."

"मना इचारू दे. पुढं म्हंजे गनपतीला येवाचा का न्हाय मी?"

"येवाचा. कोन नको बोलतंय?"

"मंग तसा लिवा कागदात."

भावाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे. "कागदात माहेर बसत नाही," ते म्हणाले. "कायद्याला हिस्सा कळतो. बोलावणं, न बोलावणं हा घरचा विषय आहे. बहिणीला विचारा, कबूल ना?"

ती उठून माझ्या टेबलाशी आली. कागद बोटाने चाचपला. मला म्हणाली, "तू लिवशील ना, पोरी? एक ओळ तर हाय." मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी लिहिलं नाही. तिने अंगठा दिला. भाऊ म्हणाला, "चल, बिर्यानी खाऊ," आणि ती दोघं जिना उतरून गेली.

दुसऱ्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर ती एकटी आली. साहेब कोर्टात होते. ती आपणहून बाकावर बसली, घाम पुसला आणि म्हणाली, "तो कागद परत वाच ना, बाय."

ऑफिसची प्रत मी कपाटातून काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ती मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर विचारलं, "गनपतीचा न्हाय यात?"

"नाही."

"बोलवला न्हाय यंदा. मना वाटला, तुझ्या टायपिंगमधी चुकून र्‍हायला असंल."

पाणी पिऊन ती गेली. साहेब आल्यावर मी सांगितलं. त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली, बसले, टेबलाच्या कडेला आलेल्या टाचण्या बोटाने मागे सारल्या. मग म्हणाले, "एकटी आली होती? परत कशी गेली?"

"शेअर रिक्षाने गेली असेल."

"गेली असेल म्हणजे? नंबर नाही घेतलास?" ते खरोखर रागावले होते.

त्यांच्या बहिणीविषयी तोपर्यंत मला एवढंच माहीत होतं की ती त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, शहापूरला राहते, शाळेत शिक्षिका होती आणि दर भाऊबीजेला येते. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी साहेब ऑफिस लवकर बंद करत. तिला नारळाच्या वड्या लागतात, त्या स्वतः जाऊन आणत. वड्यांचा पुडा टेबलावर ठेवून त्याला कुणी हात लावू नये म्हणून वर फाइल ठेवत.

मग त्यांचं घर पाडून तिथे मोठी इमारत बांधायचं ठरलं. घर वडिलांच्या नावावर होतं. बिल्डरने पहिला प्रश्न विचारला, बहिणी किती?

तो दस्त त्यांनी मला तोंडी सांगितला. एरवी नमुना ठरलेला असे, मी नावं बदलायची. त्या दिवशी एकेक वाक्य सांगत होते. "लिहून देणार" यापुढे बहिणीचं नाव सांगितलं, वयापाशी थांबले. बोटांवर मोजलं. "ताई पंच्याहत्तरची झाली," असं म्हणून पुन्हा मोजलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ताई आल्या. लूम बंद होते. साहेबांनी सकाळी स्वतः खुर्ची पुसून ठेवली होती. ताई उंच, सडपातळ, खांद्याला पर्स. गुडघे दुखत असल्याने जिना हळू चढल्या होत्या. साहेब म्हणाले, "ये, इथे बस."

त्यांनी दाराजवळ पाहिलं. "हे बाक कुणाचं?"

"ते... बायका येतात, त्यांच्यासाठी."

"मग मी इथेच बसते," म्हणून त्या बाकावर बसल्या.

चहा आला. साहेबांनी स्वतः उठून कप बाकापर्यंत नेला. नेताना थोडा बशीत सांडला. परत येऊन बसले आणि पंख्याकडे बघत, शुक्रवारच्या त्या हळू आवाजात मला म्हणाले, "चुका तपासून घ्या."

माझी युक्ती त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती, हे मला तेव्हा कळलं. आणि त्यांनी मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं, हे नंतर लक्षात आलं.

मी वाचायला लागले. लूम नसल्याने माझाच आवाज मला मोठा वाटत होता. "मी हे हक्कसोडपत्र स्वखुशीने, राजीखुशीने व कोणत्याही दडपणाशिवाय..."

"थांब," ताई म्हणाल्या. "बाकी सगळं राहू दे. 'स्वखुशीने' तेवढं काढ."

"ताई, तो शब्द काढला तर दस्त टिकायचा नाही," साहेब म्हणाले.

"माहीत आहे मला. ते प्रकरण तुला मीच वाचून दाखवलं होतं." मग माझ्याकडे वळल्या. "याचे डोळे लहानपणापासून अधू. कायद्याची पुस्तकं जाड, अक्षर मुंगीएवढं. दोन वर्षं रोज सकाळी मी वाचायचे, हा डोळे मिटून ऐकायचा. मलाही परीक्षेला बसायचं होतं. आमचे वडील म्हणाले, एका घरात दोन वकील काय करायचेत? शेवटचा पेपर झाला त्याच महिन्यात माझं लग्न लावून दिलं."

"वडिलांचा काळ वेगळा होता," साहेब म्हणाले.

"हो. आणि आजचा दस्त कुणी सांगितलाय?"

साहेब पंख्याकडे बघू लागले. ताईंनी विचारलं, "पाडणार कधी?"

"पाऊस संपला की."

"मग भाऊबीज कुठे?"

"तोवर मी भाड्याच्या जागेत असेन. तिथे ये ना. नंतर नवा फ्लॅट होईल, लिफ्ट आहे, गुडघ्यांना त्रास नाही."

"ते तुझं घर. मी तिथे पाहुणी. इथे मी जन्मले होते." आवाज चढलेला नव्हता. शाळेत गैरहजर मुलांची नावं वाचावीत तसं त्या बोलत होत्या. "बरं, पुढे वाच, बाळ."

मी शेवटची तीन वाक्यं वाचली. साहेबांच्या तोंडून सवयीने शब्द गेला, "कबूल ना?" आणि ते थांबले. विचारायला समोर भाऊ लागतो. तो त्या खोलीत एकच होता.

ताई "पेन दे," म्हणाल्या आणि प्रत्येक पानावर सही केली. वळणदार, शिक्षकी अक्षर. उरलेले सोपस्कार दुपारी पार पडले. साहेबांनी जेवायला चल म्हटलं. अशिलांना ते नेहमी बजावत, सही झाली की बहिणीला उपाशी पाठवू नका. ताई म्हणाल्या, "मला चारची एसटी आहे."

जिन्यात मी त्यांचा हात धरला. खाली उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू का ऐकून घेतेस गं याचं? तुमच्या पिढीला तर तोंड आहे म्हणतात." मी त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली. साहेब वर खिडकीत उभे होते. रिक्षा निघाली तेव्हा ते तळहातावर काहीतरी लिहीत होते.

त्या वर्षी भाऊबीजेला ताई आल्या नाहीत. साहेबांनी आदल्या दिवशी वड्या आणल्या होत्या. चार दिवसांनी तो पुडा त्यांनी मला दिला, फाइल बाजूला करून. पुढच्या वर्षीही आल्या नाहीत. फोनवर बोलत, तब्येत विचारत, गुडघ्यांचं सांगत. मधल्या काळात ऑफिसात बाई आली की साहेब मला नुसतं "चुका" म्हणत आणि मी वाचत असे. चहाही आता बाकापर्यंत जाऊ लागला. तरी ते बाईकडे बघत नसत. पंखा सुटला नाही.

मला वर्तमानपत्रात नोकरी मिळाली. सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हटलं होतं ना, भाड्याचं घर." थोड्या वेळाने विचारलं, "तिथे रात्रीची ड्युटी असते?" असते म्हटल्यावर स्वतःचीच छत्री माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

दोन-तीन वर्षांनी त्यांचा फोन आला. ऑफिस बंद केलं होतं. नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर फ्लॅट होता. काचबिंदूने एक डोळा गेला होता, दुसऱ्याने उजेड तेवढा कळायचा. मी गेले तेव्हा पॅसेजमध्ये ऑफिसातलं सागवानी बाक ठेवलेलं होतं. बाकी काही त्यांनी तिथून आणलं नव्हतं.

"लॅपटॉप आणलाय ना? लिहा," म्हणाले. "लिहून देणार, मी. लिहून घेणार, माझी थोरली बहीण."

मी टाइप करत गेले.

"माझी थोरली बहीण हिला दर भाऊबीजेला माझ्या घरी, मी जिथे राहत असेन तिथे, येण्याचा हक्क आहे." थांबले. "ती वळची बाई. तिला काय घालायला हवं होतं?"

"गणपती."

"गणपतीला व भाऊबीजेला. लिहा. हा हक्क तिने कधीही सोडलेला नाही. तो सोडून मागण्याचा मला अधिकार नव्हता." पुढे ती नेहमीची तीन वाक्यं सांगितली. "खाली ताईच्या सहीला जागा सोडा."

"हे कायद्यात बसत नाही ना, साहेब?"

"अजिबात नाही. एकही चूक ठेवू नका."

शेजारच्या दुकानातून मी प्रिंट आणली, वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. सही करताना पेन रेघेखाली गेलं. कागद मी शहापूरला नेऊन देते म्हटलं, तर नको म्हणाले. "पाठवला तर ती उत्तर पाठवेल. यायची नाही. भाऊबीजेला येईल तेव्हा तुम्ही इथे या आणि वाचून दाखवा. तोवर तुमच्याकडे ठेवा."

त्या भाऊबीजेला ताई आल्या नाहीत. कागद माझ्या टेबलाच्या खणात राहिला. शहापूर इथून दीड तासावर आहे. मला सुट्टीही होती. मी गेले नाही, कारण त्यांनी नको म्हटलं होतं. साडेचार वर्षांत त्यांची एक गोष्ट मी त्यांच्या नकळत मोडली होती असं मला वाटत होतं. ही मोडायला हवी होती ती मोडली नाही. माघात ते गेले.

तेराव्याला ताई आल्या. घरात माणसं बेताचीच होती. मुलाने खुर्ची दिली, ती न घेता त्या पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसल्या. ओलं नव्हतं डोळ्यांत काही. मला ओळखलं.

"त्याचा काही कागद आहे म्हणे तुझ्याकडे. फोनवर बोलला होता."

मी पर्समधून काढून पुढे केला. त्यांनी चष्मा चढवला, पण कागद घेतला नाही. "वाच," म्हणाल्या.

मी उभ्यानेच वाचला. लिहून देणार, लिहून घेणार. गणपती आणि भाऊबीज. सोडून मागण्याचा मला अधिकार नव्हता. हा दस्त मला वाचून दाखवला. तो मला समजला. तो मला कबूल आहे. मग खालची रेघेखाली घसरलेली सही दाखवली, आणि तिच्याशेजारी सोडलेली जागा.

ताईंनी कागद हातात घेऊन ती जागा पाहिली.

"समजला," त्या म्हणाल्या.

मी पेन हातात धरून थांबले. त्यांनी कागदाची नीट चार पदरी घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि मला विचारलं, शहापूरची एसटी किती वाजता आहे?